शनिवारच्या निरोपाची पोच

"ओ बाई, छत्री मिटा जी जरा! डोळा फोडता का मानसाचा?"

साबिरानं दचकून छत्री मिटली, मागं वळून पाहिलं… आणि ती पुन्हा उघडून तिच्याआड दडावं असं तिला वाटलं.

चंद्रपूरच्या त्या तंत्रनिकेतनाच्या पायऱ्यांवर एप्रिलचं ऊन नुसतं ओतत होतं. समोर टक्कल पडलेला, जाड चष्म्याचा एक माणूस उभा. चौतीस वर्षांत माणसाचे केस जातात, दात जातात, गुडघ्यांचं तर विचारूच नका. पण त्याचा उजवा हात कठड्यावर होता आणि बोटं आपली आपण नाचत होती… टक, टकटक, टक. अशी बोटं नाचवणारा माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिला होता.

"साबिरा… तू? इथी?"

"काऊन? मले बंदी हाय का इथी?"

"तसं नाई वं—" तो गोंधळला. छप्पन्न वर्षांचा बाप्या, पण कान लाल झाले त्याचे. तेव्हाही व्हायचे. "मी छत्रीवरूनच ओळखाले पाह्यजे होतं."

"छत्री चारदा बदलली रे बावा तवापासून."

"सवय तर तीच हाय. सावलीत आली तरी मिटत नाई."

तिला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. कारण इसरू मडावी कधी भेटलाच तर त्याला एकच गोष्ट विचारायची, हे तिनं चौतीस वर्षं घोकून ठेवलं होतं. त्या शनिवारी तू निरोप का नाही पाठवलास? बस, एवढंच. उत्तर ऐकायचं आणि मग तो खुशाल खड्ड्यात जावो. तोंडाची तिखट होती ती पहिल्यापासून, मनाचीही.

पण विचारणार कशी? तेवढ्यात संघप्रिया धावत आली. ही तिथली तरुण प्राध्यापिका. कॉलेजच्या भंगाराच्या खोलीत तिला एक जुना टेलिप्रिंटर सापडला होता, तो पोरांना चालवून दाखवायला माणूस हवा होता. तारऑफिसातल्या जुन्या ट्रेनिंगच्या एका फोटोमागं नावं लिहिलेली होती. त्यातली दोघं जिवंत सापडली, आणि पोरीनं दोघांनाही बोलावून घेतलं, एकमेकांना न सांगता.

"तुम्ही ओळखता का एकमेकांना?" तिनं भाबडेपणानं विचारलं.

"बाक एक होतं आमचं," साबिरा म्हणाली आणि तरातरा आत गेली.

आत टेबलावर ते मशीन ठेवलं होतं. आजच्या पोरींसाठी सांगायला हवं… टेलिप्रिंटर म्हणजे तारेला जोडलेला टाइपरायटर. इथं चंद्रपुरात कळ दाबली की तिकडं सिरोंच्याला कागदावर अक्षर आपोआप उमटायचं. तुमचं व्हॉट्सॲपच समजा, फक्त म्हशीएवढं, आणि पिठाच्या गिरणीसारखं घरघरणारं. साबिरानं त्याच्या कडेवरून हात फिरवला. डाव्या बाजूला टवका उडालेला होता. तिच्याच डब्यानं उडवलेला! तेच होतं ते. तिचं मशीन.

एकोणनव्वद सालच्या हिवाळ्यात, चंद्रपूरच्या तारऑफिसात, ती याच्यासमोर पहिल्यांदा बसली. गोल बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या अब्बांची मुलगी, वय एकवीस. शेजारी आलापल्लीच्या पुढच्या रानातून आलेला हा काळासावळा इसरू. शिकवायला लटारू मास्तर, आणि मास्तरांची रीत जगावेगळी. कळांवर कापड टाकायचे आणि म्हणायचे, आता टाइप करा. डोळ्यांनी शिकलेलं विसरतं, बोटांनी शिकलेलं मरेस्तोवर राहतं.

तिसऱ्याच दिवशी इसरूनं कापड हळूच वर उचललं आणि तिनं पकडलं.

"मास्तर, हा कापडाखाली पाहून राह्यला!"

"मी कापडाखाली नाई पाहून राह्यलो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी कापडाकडं पाहतच नाई, तुले तसं वाटते."

"मग कोनीकडं पाहतं?"

त्याचे कान लाल झाले.

निरोप आधी कागदी फितीवर टोचून घ्यायचे. प्रत्येक अक्षराची वेगळी भोकं. शिकलेला माणूस ती फीत बोटांनी चाचपून वाचायचा. इसरूला ते सगळ्यांत आधी जमलं. तो डोळे मिटायचा, फीत बोटांखालून सरकवायचा आणि ओठ हलवत वाचायचा… आणि साबिरा त्याच्या त्या बोटांकडं बघत बसायची. तिच्या चुका वाढल्या त्याच महिन्यात. भोकं पाडली की कागदाच्या बारीक टिकल्या पडायच्या, त्याला सगळे कोंडा म्हणायचे. एका दुपारी तिनं घरी निघताना छत्री उघडली आणि अंगावर तो कोंडा कोसळला! ओढणीत, केसांत, पापण्यांवर. गोल बाजारापर्यंत लोक वळून बघत होते.

"छत्रीत भरलं काऊन?" तिनं दुसऱ्या दिवशी दरडावलं.

"तुले कोरडीच ठेवते ना ती छत्री. म्हनलं एकदा भिजव."

मास्तरांचे दोन नियम मात्र त्यांनी सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवले होते. एक, कागदाची गुंडाळी संपत आली की तिच्या कडेला लाल पट्टी दिसते. ती दिसली की घरी जाण्याआधी नवी गुंडाळी लावायचीच, कारण आपण गेलो तरी मशीन रात्रंदिवस चालू असतं, निरोप कधीही येतो. आणि दुसरा नियम नाव विचारायच्या कळीचा. आपण ती दाबली की पलीकडचं मशीन स्वतःचं नाव आपोआप छापून पाठवतं. खोलीत माणूस असो की नसो. "मशीन 'हाव' म्हनते, म्हंजे मानूस 'हाव' म्हनते असं नाई, पोट्टेहो," मास्तर ओरडायचे. "मानसानं हातानं पोच देली तवाच निरोप पोचला समजा!"

दोघांनीही हे वहीत लिहून घेतलं होतं. काय उपयोग!

ट्रेनिंग संपलं. तिला चंद्रपूरच मिळालं, तेच मशीन, तोच हॉल. त्याला सिरोंचा. मग दिवसाची कामं उरकली की तारेवर दोन ओळी सुरू व्हायच्या, इंग्रजी अक्षरांत मराठी, तुम्ही फोनवर लिहिता ना अगदी तसंच.

"काय हाय तुझ्या सिरोंच्यात?"

"नदी, मासोळ्या अन् तेलुगू. पोहता येत नाई, काटे काढता येत नाई, बोलता येत नाई."

"मग येतं तरी काय तुले?"

कागदावर एकेक अक्षर उमटत गेलं. "तुझी आठोन."

तिनं तो तुकडा फाडून कुर्त्याच्या बाहीत दडवला. प्रेम होतं ते, उगाच आडवळणानं कशाला सांगा.

पुढच्या एप्रिलात नागपूरचं स्थळ आलं. मुलगा दुकानदार, माणसं रविवारी बघायला येणार. तिनं सिरोंच्याला कळवलं, "मी अब्बाले नाई म्हनते. भांडते. पन हातात तुझा शब्द पाह्यजे. रिकाम्या हातानं नाई भांडता येत मले."

त्याचं उत्तर आलं, "आईले विचारल्याबिगर शब्द देनार नाई. गावाले जातो, शनिवारी वापस येतो. साडेपाचच्या आत निरोप येईन. बस तू मशीनपाशी."

ती बसली. चार वाजले, पाच वाजले. कूलरचा गार फवारा मानेवर येत होता आणि तिला घाम फुटत होता. सव्वापाच. साडेपाचला चौकीदार किल्ल्या वाजवत दारात आला. ती उठली ती रडतच, मशीनकडं वळूनही न बघता. रविवारी नागपूरच्या माणसांसमोर अब्बांनी विचारलं, "बेटा, कुबूल है?" आणि तिनं मान हलवली. सोमवारी सिरोंच्याहून पहिला निरोप आला तो सरकारी. तिनं सरकारी पोच दिली. पुढचे दोन महिने दोघं दुसऱ्यांचे निरोप एकमेकांना पाठवत राहिले, बाळंतपणाचे, मयतीचे, बदलीचे. स्वतःचं एक अक्षर नाही! अशी हट्टी माणसं. मग निकाह झाला, नवऱ्यानं नोकरी सोडायला लावली, आणि ती नागपूरला गेली. नवरा मारत नव्हता, उपाशी ठेवत नव्हता. फक्त ती आधी काय काम करायची, हे त्यानं मरेपर्यंत एकदाही विचारलं नाही. चार वर्षांपूर्वी तो गेला आणि ती चंद्रपूरला परतली.

आणि आता तेच मशीन घरघरू लागलं होतं. तार कुठंच जोडलेली नव्हती, ते आपलं स्वतःशीच बोलणार होतं. पंधरा-वीस पोरं-पोरी भोवती जमली होती. इसरूनं टाइप करून दाखवलं, फीत टोचून दाखवली, पोरींच्या बोटांखालून सरकवली. मग म्हणाला, "आता गंमत पाहा. मी विचारतो, तू कोन?" आणि त्यानं कळ दाबली.

मशीन खडखडलं आणि कागदावर इंग्रजी अक्षरं उमटली. चांदा.

"चांदा म्हंजे आपलं चंद्रपूर, जुनं नाव," तो म्हणाला. "हे कोनी टाइप नाई केलं. मशीननं आपलं आपन सांगतलं."

दिव्यानी नावाची एक चुणचुणीत पोरगी पुढं झाली. "सर, म्हणजे व्हॉट्सॲपच्या दोन करड्या टिक्स! मेसेज पोचला, पण वाचला का नाही ते माहीत नाही."

"अगदी बरोबर बोलली बाई तू." इसरू हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "मी फसलो होतो एकदा. एका शनिवारी पाच चाळीसले मी असीच कळ दाबली. यानंच मले चांदा म्हनून जवाब देला. अन् मले वाटलं…" तो थांबला. "जाऊ द्या. चहा प्या जा सारे."

संघप्रिया पोरांना घेऊन बाहेर गेली. साबिरा जागची हलली नव्हती.

"पाच चाळीस? कोनता शनिवार?"

"सोड ना आता."

"इसरू, कोनता शनिवार?"

"तुले माहीत नाई?" त्याचा आवाज चढला. "बस नाल्यापाशी बंद पडली होती. चार कोस धावत आलो मी सिरोंच्याले! नाव विचारलं, जवाब आला. म्हनलं, बसून हाय अजून, वाट पाहून राह्यली. निरोप पाठवला. रविवार पुरा मशीनपाशी काढला म्या, भाकरीसुद्धा तिथीच खाल्ली. तू एक अक्षर नाई पाठवलं. वाचून गप बसली!"

"म्या वाचलाच नाई रे!"

"कसा नाई वाचला? कागदावर तर—"

आणि साबिराला तो सोमवार आठवला. सगळा, एका झटक्यात.

सोमवारी सकाळी ती आली तेव्हा मशीनवर कागद नव्हता. शनिवारी लाल पट्टी तिला दिसली होती. दुपारीच दिसली होती. नवी गुंडाळी टेबलाच्या खणात होती, हाताच्या अंतरावर. आणि ती रडत निघून गेली होती. कागद संपल्यावर काहीतरी आलं असणार, कारण रबराच्या काळ्या रुळावर जांभळी शाई चमकत होती, तीन-चार ओळी. लटारू मास्तर केवढे भडकले होते! "कोनाचा निरोप होता तो? आता कोन सांगन?" ती म्हणाली होती, "टेस्ट असन, मास्तर." मग तिनं चिंधीवर स्पिरिट घेतलं आणि रूळ पुसला. चांगला घासून पुसला. नीट निरखलं असतं तर कदाचित वाचताही आलं असतं. तिनं बघितलंसुद्धा नाही.

तिनं त्याला सगळं सांगितलं. एक शब्द दडवला नाही.

इसरू खुर्चीवर बसला. चष्मा काढला, पुन्हा घातला.

"लाल पट्टी दिसली होती तुले?"

"दिसली होती."

"तरी गेली."

"गेली."

"अन् मंग तूच पुसलं?"

"मीच पुसलं."

"अवं मास्तरनं शंभरदा सांगतलं होतं!" तो एकदम ओरडला. "शंभरदा! एक गुंडाळी लावाले किती वेळ लागते?"

"अन् तुले नव्हतं सांगतलं?" आता तीही पेटली. "मशीन बोलली म्हंजे मानूस बोललं नाई, हे तुले नव्हतं सांगतलं? मानसाची पोच कुठी होती तुझ्यापाशी? एक बस होती रे, इसरू! सिरोंच्याहून चंद्रपूर, एक बस! येऊन विचारलं असतं तर म्या तुझ्या तोंडावर सांगतलं असतं. चौतीस वर्ष तुले शिव्या देल्या म्या. रोज! नमाजीनंतरही!"

"अन् तुले बस नव्हती?"

बाहेर पोरं चहाच्या कपांशी खिदळत होती. मशीन आपलं घरघरत होतं, त्याला काय!

"घरी कोन हाय?" तिनं विचारलं.

"बायको. चांगली हाय, साबिरा. लई चांगली. दोन पोरी, दोघींची लग्न झाली." तो खाली बघत म्हणाला. "साडेचारच्या गाडीनं जातो. वाट पाहते ती."

"चांगली हाय तर मंग बरं हाय." तिनं मशीनवर हात ठेवला. "एक सांग. काय लिहिलं होतं?"

"तोंडानं नाई सांगता येत मले."

"मंग बोटानं सांग."

त्यानं हात कळांवर ठेवले आणि डोळे मिटले. पण ती म्हणाली, "थांब." कागदाच्या कडेला लाल पट्टी दिसत होती. तिनं जुनी गुंडाळी काढली आणि संघप्रियानं आणून ठेवलेली नवी लावली, दुहेरी कागदाची, मध्ये कार्बन असलेली. कडा जुळवल्या, दोनदा तपासल्या. मग म्हणाली, "हाव. आता पाठव."

त्याची बोटं चालू लागली. एकदाही अडखळली नाहीत.

आई हो म्हणाली. म्हणते मोहफुलं वेचाले दोन हात वाढतील. निकाह कर की लग्न कर, पोरगी घरी आण म्हणते. तू हो म्हण. उद्याच्या गाडीनं येतो. इसरू.

साबिरानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. जी बाई तिला कधी भेटलीच नाही, ती टोपली घेऊन मोहाच्या झाडाखाली तिची वाट पाहत होती, त्या एप्रिलात. आणि साबिरा इकडं रूळ पुसत होती. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं, लपवलं नाही.

"आई हाय?"

"नाई. आठ वर्ष झाले. तुझं नाव घेतलं नाई म्या तिच्यापुढं पुन्हा. तिले वाटलं, तूच नाई म्हनली."

ती पुढं सरकली, त्याला बाजूला केलं आणि खुर्चीवर बसली. चौतीस वर्षांनी बोटं कळांवर ठेवली. कुठं काय आहे ते बोटांना ठाऊक होतं.

मिळाला. वेळ चार वाजून दहा. साबिरा.

इसरूनं ती ओळ वाचली आणि मान हलवली, हळूहळू, दोन-तीनदा. साबिरानं वरचा कागद फाडला, घडी घातली आणि त्याच्या हातात दिला. नियमानं मूळ प्रत ज्याच्या नावाची त्याला जाते. तिच्या नावाचा निरोप होता तो, पण तिनं त्यालाच दिला.

"मी ठेवू? घरी… कुठी ठेवू मी हे?"

"मंग बसमधी वाच अन् नदीत टाक. पोहता येत नाई तुले, कागदाले येते का पाह्य."

तो हसला. हसता हसता डोळे पुसले त्यानं. दारापाशी जाऊन वळला, "साबिरा, तू त्या दिवशी… जर कागद असता—"

"गाडी जाईन तुझी."

तो गेला. त्याच्या चपलांचा आवाज पायऱ्या उतरत गेला, फाटकापर्यंत ऐकू आला, मग थांबला. ती खिडकीपाशी गेली नाही.

मशीनवर खालची प्रत उरली होती, कार्बनची, ऑफिसात ठेवायची. त्याचा निरोप, खाली तिची पोच. साबिरानं डोळे मिटले, आणि पोचेच्या खालच्या ओळीत आणखी एकच शब्द टाइप केला.

हो.

अक्षरं खाड खाड उमटली. तार कुठंच जोडलेली नव्हती. तिनं कागद फाडून पर्समध्ये टाकला, इतक्यात दिव्यानी कप घेऊन धावत आत आली.

"मॅडम, चहा! आत्ता आवाज आला मशीनचा… कोणाला पाठवलं काही?"

साबिरानं छत्री उचलली. मशीनची कळ बंद केली.

"कोनाले नाई वं बाई," ती म्हणाली. "टेस्ट होती."